बिल्ले तीन, इंजिन एक

प्रवरासंगमचा पूल ओलांडेपर्यंत मामा शांत होते. नेवासा फाटा मागं पडला, जावयांनी मोबाईलवर कुठल्याशा नव्या गाडीच्या परीक्षणाचा व्हिडिओ लावला आणि मामांनी समोर बघतच सुरुवात केली. “जावईबापू, हे सगळे विकलेले लोक हायेत. आपल्या गाडीचा एक स्क्रू ढिला निघाला की बोंब ठोकतेत, आन् परदेशी गाडीचं बंपर गळून पडलं तरी म्हणतेत, चालवायला लई मजा येती.”

जावयांनी मान राखून, पण हट्ट न सोडता उत्तर दिलं. “मामा, उलटं झालंय आता. देशी गाडीला नाव ठेवलं की लोक अंगावर धावून येतेत. म्हणून हे बिचारे खरं बोलतच नाहीत. लोखंड चांगलंय, लोखंड चांगलंय, एवढंच चालू राहतं.”

मामांची टाटा हॅरियर. जावयांची जीप कंपास, ती पुण्यात वाकडच्या सोसायटीत उभी. मी मागच्या सीटवर. वाळूजला एका छोट्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आम्ही बनवतो. त्यामुळं दोघांचीही अपेक्षा होती की मी आपल्या बाजूनं बोलावं. मी रांजणगाव येईपर्यंत गप्प राहिलो. महागणपतीचं दर्शन झालं, चहा आला, मग एमआयडीसीच्या दिशेनं हात केला. म्हटलं, “मामा, तुमच्या गाडीचं इंजिन तिकडं तयार झालंय. आणि दाजी, तुमच्याही.”

रांजणगावात टाटा आणि फियाट यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत उभा केलेला कारखाना आहे. फियाट मूळची इटलीची. पुढं ती अमेरिकेच्या क्रायस्लरशी जोडली गेली आणि २०२१ पासून स्टेलांटिस नावाच्या मोठ्या समूहात आहे. जीप हा अमेरिकी ब्रँडही त्याच समूहाचा. या कारखान्यातलं १९५६ सीसीचं डिझेल इंजिन जीप कंपासमध्ये बसलं, टाटा हॅरियरमध्ये बसलं आणि एमजी हेक्टरमध्येही बसलं. एमजी हे नाव इंग्लंडचं, ब्रँडची मालकी चीनच्या सैक कंपनीकडं आणि हेक्टरचा कारखाना गुजरातेत हालोलला, जिथं आधी जनरल मोटर्स गाड्या बनवायची. म्हणजे एक ‘भारतीय’, एक ‘अमेरिकन’, एक ‘ब्रिटिश की चिनी’, अशा तीन बिल्ल्यांच्या गाड्यांच्या पोटात धडधडणारं इंजिन एकच. २०१९ साली हॅरियर आली तेव्हा त्याच इंजिनातून कंपासपेक्षा कमी ताकद घेतलेली होती, म्हणून चालवताना फरक जाणवायचा. तो फरक ट्यूनिंगचा होता. २०२० मध्ये हॅरियरची ताकद वाढवली आणि बराचसा फरक मिटला.

हॅरियरचा खालचा सांगाडा लँड रोव्हरच्या सांगाड्यावरून घेतलेला. तिच्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला तो ह्युंदाईकडून, म्हणजे कोरियाचा. मामांचा चहा हातातच राहिला. “मग देशी काय उरलं रं?”

बरंच उरलं, आणि ते हलकं नाही. पण त्यासाठी आधी एक गाठ सोडवावी लागते. ‘गाडी कुठली?’ हा आपल्याला एकच प्रश्न वाटतो, प्रत्यक्षात त्यात चार प्रश्न एकाच दाव्याला बांधलेले असतात. कंपनीचा मालक कोण? गाडीची आखणी कुणी केली? ती जुळवली कुठं? आणि तिचे सुटे भाग कुठून आले? या चारही प्रश्नांना एकाच देशाचं उत्तर मिळेल अशी गाडी आज शोधूनही सापडणं अवघड आहे.

मारुतीला गावाकडं सगळे आपलीच म्हणतात, आणि ते समजण्यासारखं आहे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० बाहेर पडली तेव्हा ती सरकारी कंपनी होती. आज तिचे निम्म्याहून जास्त शेअर जपानच्या सुझुकीकडं आहेत. उलट रेंज रोव्हर दिसली की आपण ‘इंग्लंडची गाडी’ म्हणतो, पण २००८ सालापासून ती कंपनी टाटांची आहे. सरकारी लाल दिव्याची ओळख असलेली अॅम्बॅसेडर आखणीनं ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड होती. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी मूळची फियाट. आणि मराठवाड्यात जिला सरसकट ‘जीप’ म्हणतात ती महिंद्रा, कारण महिंद्रांनी गाड्यांची सुरुवातच अमेरिकी विलीज जीप इथं जुळवून केली.

जुळवणं हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण आपल्या संभाजीनगरात तो डोळ्यांसमोर आहे. जालना रोडला शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळवल्या जातात. ऑक्टाव्हियापासून सुरुवात झाली, पुढं तिथूनच ऑडीही बाहेर पडल्या. अशा महागड्या गाड्या बऱ्याचदा सुट्या भागांच्या पेट्यांतून येतात आणि इथं जोडल्या जातात. याला सीकेडी म्हणतात. कारण कराचं आहे. तयार गाडी जहाजातून उतरवली तर आयात कर साधारणपणे तिच्या किमतीच्या सत्तर टक्क्यांपासून शंभरच्याही वर जातो, सुटे भाग आणले तर तो कितीतरी कमी बसतो. २०१० च्या ऑक्टोबरात आपल्या शहरातल्या दीडशे जणांनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याचा देशभर गाजावाजा झाला. मर्सिडीज तेव्हाही चाकणला गाड्या जुळवत होती.

याच्या उलट टोकाला स्कोडाचीच कुशाक. ब्रँड परदेशी, मालकी जर्मनीच्या फोक्सवॅगनची, पण कंपनीच्या सांगण्याप्रमाणं तिचे ९५ टक्क्यांपर्यंत भाग भारतातले आणि ती तयार होते चाकणला. दुसरीकडं देशी कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या घ्या. त्यांच्या बॅटरीतले सेल अजून मोठ्या प्रमाणात चीनमधूनच येतात. मग या दोघींत जास्त देशी कोण?

माझ्या टेबलावरून हे कसं दिसतं ते सांगतो. आमच्याकडं शेजारी-शेजारी पत्रा दाबून आकार देणाऱ्या दोन प्रेस आहेत. एकीवर देशी म्हणवणाऱ्या कंपनीचा ब्रॅकेट निघतो, दुसरीवर परदेशी कंपनीचा. पत्रा बऱ्याचदा एकाच गिरणीचा. ऑपरेटर पाळी बदलली की या प्रेसवरून त्या प्रेसवर. मी दोन्हीकडचे नग उचलतो, गेजमध्ये सरकवून बघतो: एका बाजूनं आत जायला हवं, दुसऱ्या बाजूनं अडायला हवं. बसला तर हिरव्या क्रेटमध्ये, नाही बसला तर लाल. किती दशांश मिलिमीटर चूक चालेल हे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, आणि कधी देशी कंपनीचं ड्रॉइंग कडक असतं, कधी परदेशी. लाल क्रेट भरला की दोघांचेही फोन येतात. याच वाळूजच्या, सुटे भाग बनवणाऱ्या एन्ड्युरन्स कंपनीचे इटलीत आणि जर्मनीतही कारखाने आहेत. म्हणजे तिकडच्या गाडीतही आपल्या गावच्या कंपनीचा भाग असू शकतो. शेंद्र्याच्या किंवा चाकणच्या गेटवर ट्रक कुणाचा उभा आहे याला आमच्यासारख्यांच्या पगारात फार मोठा अर्थ आहे.

म्हणून मामांना सांगितलं, देशी असण्याला किंमत आहे. मालकी इथली असेल तर नफा आणि शिकलेलं ज्ञान इथं साठतं. उद्याचं इंजिन कुठं आखायचं याचा निर्णय इथं होतो, परदेशातल्या मुख्यालयात होत नाही. हॅरियरचं रूप, आपल्या खड्ड्यांतली तिची चाचणी या कामात इथल्या इंजिनियरांचा मोठा हात आहे. याचा मला मनापासून अभिमान आहे. पण हा अभिमान देशाच्या हिशेबात मांडायचा. सात वर्षांचे हप्ते भरून घ्यायची गाडी चांगली की वाईट, हे त्यानं ठरत नाही. आमच्या भागात गाडीचा हप्ता कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावावर उभा असतो. तिथं चुकीची निवड म्हणजे घरातल्या दुसऱ्या कशाला तरी कात्री.

आता राहिला पत्रकारांचा पक्षपात. मामा म्हणतात तसे लोक विकलेले असतात का? काही असतीलही. पण बहुतेक वेळा गोष्ट लाचेची नसते, मिंधेपणाची असते, आणि मिंधेपणा पकडणं जास्त अवघड.

नवी गाडी येते तेव्हा कंपनी पत्रकारांना उदयपूर, गोवा अशा ठिकाणी बोलावते. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण कंपनीचं. गाडी कंपनीनंच निवडलेली, धुऊन-पुसून तपासलेली, सगळ्यात महाग मॉडेलची. रस्ता कंपनीनं ठरवलेला. हातात मिळतात काही तास. मग एक ठराविक दिवस आणि ठराविक वेळ दिली जाते, त्याआधी काही छापायचं किंवा दाखवायचं नाही. याला एम्बार्गो म्हणतात. म्हणूनच एका सकाळी अचानक वीस जणांची वीस परीक्षणं एकाच वेळी येतात. ज्यानं स्वतःच्या पैशानं गाडी घेऊन तीन महिने चालवली त्याचं म्हणणं येईपर्यंत बुकिंग उरकलेलं असतं. शिवाय मासिकाच्या मागच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात असते. फार कडक लिहिलं तर पुढच्या वेळी बोलावणं येईल का, हा विचार माणसाच्या मनात येतोच. ही सगळी व्यवस्था जी कंपनी जास्त गाड्या आणते आणि जाहिरातीवर जास्त खर्च करते तिच्याकडं झुकते. ती देशी असो की परदेशी.

दुसरा झुकाव मापदंडातला. मामांच्या तक्रारीतला खरा भाग इथं आहे. परीक्षण करणारे बहुतेक जण गाडीवेडे असतात, शहरात राहतात. वळणावर गाडी कशी वळते, स्टिअरिंगला वजन किती, डॅशबोर्डचं प्लॅस्टिक हाताला मऊ लागतं का, हे ते फार मन लावून तपासतात. युरोपीय गाड्या तिथं पुढं असतात. पण मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना सात माणसं बसवून लग्नाला जायचं आहे, तिसऱ्या रांगेत गार हवा पोचते का? चारा भरलेल्या ट्रॅक्टरला बाजू देताना साइडपट्टीवरून उतरलं तर खाली काही घासतं का? समृद्धी महामार्गावर ताशी १२० नं दोन तास सरळ पळवल्यावर टायर आणि इंजिन किती तापतात? हे फार कमी वेळा मोजलं जातं. जे मोजलं जात नाही त्यात चांगली असलेली गाडी मग ‘साधी’ ठरते.

आणि जावयांच्या म्हणण्यातला खरा भाग सुरक्षेच्या ताऱ्यांपाशी आहे. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या आपटून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचे, पाच तारे मिळाले. असे पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी, आणि ती कामगिरी मोठीच होती. पण त्यानंतर ‘देशी म्हणजे मजबूत, बाकी डबे’ असं सोपं समीकरण झालं आणि ते विकायला सोपं म्हणून पसरतच गेलं. आता २०१४ कडं बघा. त्या वर्षी याच संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या: अल्टो ८००, नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. पाचही शून्यावर. जपानी, भारतीय, कोरियन, अमेरिकी, जर्मन, सगळे एका रांगेत. तपशील मात्र वेगळा होता. पोलो आणि फिगोचा सांगाडा टिकला होता, उरलेल्या तिघींचा टिकला नव्हता. पोलोत एअरबॅग नव्हत्या म्हणून शून्य. दोन एअरबॅग बसवून तीच पोलो आपटली तर चार तारे. आणि ज्या मारुतीला लोक पत्र्यावरून हसतात तिच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे दिले.

आपल्याकडं गाडी घेताना बोनेटवर बोटाची टिचकी मारून बघायची सवय आहे. मामाही मारतात. रोज पत्रा हाताळणारा माणूस म्हणून सांगतो, त्या आवाजावरून काही कळत नाही. धडक झाली की पुढचा भाग चुरगाळायलाच हवा, तो धक्का खाण्यासाठीच केलेला असतो. चुरगाळायचा नाही तो माणसं बसतात तो पिंजरा, आणि त्याचे खांब खास जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात. ते प्लॅस्टिकच्या आवरणामागं झाकलेले असतात, बोट तिथं पोचतच नाही. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली आहे. ती ऐच्छिक आहे. म्हणून तारे बघताना कुठलं मॉडेल, किती एअरबॅगचं, कुठल्या वर्षीचं, हे वाचल्याशिवाय आकडा कुणाला सांगू नये.

इतकं सगळं पत्रकारांवर ढकलून आपण सुटत नाही. बिल्ला आपल्याही डोळ्यांवर असतो. याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा अमेरिकेत आहे. तिथं हाच वाद आपल्या आधी काही दशकं पेटला होता: आपली डेट्रॉईटची गाडी की जपानी? १९८४ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून एक कारखाना चालू केला. तिथं एकाच लाइनवर, त्याच कामगारांच्या हातून टोयोटा कोरोला आणि जनरल मोटर्सची जिओ (Geo) प्रिझम अशा दोन गाड्या निघायच्या. आतून जवळजवळ जुळ्या बहिणी. तरी लोकांनी कोरोलाला पसंती दिली, आणि जुनी विकताना प्रिझमला पैसे कमी मिळायचे. त्याच देशानं १९९२ मध्ये कायदा करून नव्या गाडीच्या काचेवर पाटी लावायला लावली, अमेरिका-कॅनडाचे भाग किती टक्के ते सांगणारी. आपल्याकडं २०१९ पासून मारुती बलेनो टोयोटाचा बिल्ला लावून ग्लान्झा म्हणून मिळते. दोन्ही मारुती सुझुकीच्याच कारखान्यातून येतात. तरी ‘टोयोटाची गोष्टच वेगळी’ म्हणणारे मला माझ्याच कारखान्यात भेटलेत.

टाटा इंडिकाचं मला फार वाईट वाटतं. १९९८ साली आलेली ती भारतीय कंपनीनं घडवलेली डिझेल गाडी. सुरुवातीच्या गाड्यांत दोष होते, टाटांनी ते मान्य करून २००१ ला सुधारलेली व्ही-टू आणली. पण रस्त्याच्या कडेला बोनेट वर करून उभी इंडिका हे चित्र डोक्यातून गेलं नाही. का? कारण ती टॅक्सीत होती. समजा जालन्यात शंभर इंडिका ट्रॅव्हल्सला लावल्या आहेत, दिवसाला तीनशे किलोमीटर पळतात. आणि दहा कोरोला आहेत, डॉक्टरांच्या घरासमोर सावलीत उभ्या. बंद पडलेल्या इंडिका जास्त दिसणारच. किती गाड्यांपैकी किती, आणि किती किलोमीटरमागं, हे विचारल्याशिवाय ‘मी इतक्या बंद पडलेल्या पाहिल्या’ याला अर्थ नाही. म्हणूनच जे.डी. पॉवरसारख्या संस्था शंभर गाड्यांमागं किती तक्रारी असं मोजतात. आणि अमेरिकेतली कन्झ्युमर रिपोर्ट्स, १९३६ पासूनची, तपासायच्या गाड्या स्वतःच्या पैशानं विकत घेते आणि जाहिराती घेत नाही. तसं आपल्याकडं कुणी उभं केलं तर वर्गणी भरायला मी पहिला. तोवर, २०२१ च्या जाहिरात परिषदेच्या नियमाप्रमाणं व्हिडिओत पैसे घेतल्याचं सांगितलंय का, एवढं तरी बघावं.

माझे साडू हिंगोलीला असतात. त्यांनी परीक्षणं वाचून एक परदेशी गाडी घेतली. गाडी उत्तम, खरंच. मग बाजार समितीसमोर मागं येणाऱ्या ट्रॉलीनं मागचा दिवा आणि बंपरचा कोपरा फोडला. सर्व्हिस सेंटर नांदेडला. भाग यायला सव्वीस दिवस लागले. तेवढे दिवस पुतणीच्या सोयरिकीची धावपळ त्यांनी भाड्याच्या गाडीनं केली. मी वाचलेल्या एकाही परीक्षणात ‘हिंगोलीला दिवा किती दिवसांत मिळेल’ हे नव्हतं. उद्या कंपनीनं गाशा गुंडाळला तर, हाही प्रश्न नव्हता. २०१७ ला जनरल मोटर्सनं आणि २०२१ ला फोर्डनं आपल्याकडं तेच केलं.

वाकडला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पार्किंगमध्ये हॅरियर कंपासच्या शेजारी लावली आणि मामांनी न सांगताच दोन्ही बोनेट वर करायला लावली. मी मोबाईलचा उजेड धरला. दोघंही वाकून बघत होते. वरचं प्लॅस्टिकचं आवरण दोन्हींचं वेगळं, नावं वेगळी, पण त्याखालचे पाइप, त्यांची वळणं, डिपस्टिकची जागा बघत मामा बराच वेळ या गाडीवरून त्या गाडीवर जात राहिले. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

“जावईबापू,” ते म्हणाले, “तुमचं मागल्या सर्व्हिसिंगचं बिल कितीचं झालं व्हतं? आन् क्लच किती किलोमीटरला बदलला?”

दाजी बिल आणायला वर गेले.